तारेवरचा वण

१

भोरहून कामथडीकडे जाणारी विजेची तार धनगरवाड्याच्या टेकडीखाली जिथे वळण घेते, तिथल्या सागवानी खांबापाशी म्हादू धनगर मरून पडलेला सापडला. उशाशी बांबूला बांधलेला कोयता होता आणि वरची तांब्याची तार तुटलेली होती. फौजदारांनी पंचनामा केला, कंपनीने तार जोडली, धनगरांनी माती दिली आणि भोरच्या पेठेत संध्याकाळी पुन्हा दिवे लागले. तांबं चोरायला गेला आणि तांब्यानंच खाल्ला, असं म्हणून लोक मोकळे झाले.

मोकळे झाले नाहीत ते एकटे मुकुंद कारखानीस. मुंबई सरकारचे विद्युत निरीक्षक. विजेने कुठे माणूस दगावला की तिथे जाऊन कारण शोधायचं, ही त्यांची नोकरी. भोर संस्थान विलीन होऊन पुरतं वर्षही उलटलं नव्हतं, त्यामुळे मुंबईचा कायदा गावाला अजून चावत होता. मोटारीच्या थांब्यावर उतरल्यावर त्यांनी वीजघराची वाट विचारली, तेव्हा पानवाल्याने उत्तर न देता पिंक टाकली.

नदीकाठच्या वीजघरात डिझेलचं इंजिन धडधडत होतं. कंपनीचे मालक मानसिंगराव खुर्चीवरून उठले नाहीत.

"चोर मेला, त्याची माती झाली, तार जोडून झाली," ते म्हणाले. "आता निरीक्षण कशाचं करणार साहेब?"

"जे उरलं असेल त्याचं," कारखानीस म्हणाले. इंजिनघरात शिरताना त्यांनी सवयीने डावा हात कोटाच्या खिशात घातला.

"हात गारठला वाटतं? मुंबईच्या माणसाला इकडची हवा सोसत नाही."

"विजेजवळ एकच हात मोकळा ठेवावा. दुसरा चुकून कशाला लागला तर वीज छातीतून जाते."

"आम्ही इतकी वर्षं दोन्ही हातांनी गावाला उजेड दिला. मुंबईहून माणूस यावा लागला नाही."

हकिगत मात्र त्यांनी घडाघडा सांगितली. झुंजुमुंजू होत असताना म्हादूने बांबूला कोयता बांधून तार तोडली. झटका बसून तो जागीच गेला. त्याचा भाऊ सावळा तुटल्या तारेचं भेंडोळं काखेत मारून पळाला आणि कोवळ्या उन्हात वीजघराच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या हाती लागला. पेठेतल्या लोकांनी त्याला धावताना पाहिलं होतं. कंपनीने त्याला गोदामात कोंडलं आणि दुपारी मुद्देमालासकट फौजदारांच्या हवाली केलं.

"उद्या सकाळी त्याला पुण्याच्या कोर्टात नेताहेत," मानसिंगराव म्हणाले. "टेकडीवरून धनगरवाडा उठवावा म्हणून मामलतदारांकडे अर्ज दिलाय. तुमचा शेरा तेवढा हवा. मृत्यू चोरी करताना झाला, एवढंच लिहा आणि संध्याकाळच्या गाडीने जा."

मानसिंगरावांनी पुढे केलेला शेऱ्याचा कागद कारखानिसांनी खिशात ठेवला. एक गोष्ट त्यांना खुपत होती. वीज कंपनीची तार चोरणारा माणूस धावत वीज कंपनीच्याच फाटकाशी कशाला येईल?

२

फौजदारांच्या कचेरीतल्या कोठडीत सावळा भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटून सुजले होते.

"मी पोलीस नाही," कारखानीस म्हणाले. "तारा तपासणारा आहे."

"तारवाल्यांचाच माणूस म्हणा की." सावळा गजांपाशी येऊन थुंकला. थुंकी त्यांच्या बुटाजवळ पडली.

"फाटकाशी का गेला होतास?"

"सांगाया."

"काय सांगायला?"

सावळाने फौजदारांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाऊजयीला इचारा. पर ती सांगायची न्हाई. टोपीवाल्यांना आमी काय सांगितलं की आमच्याच गळ्यात येतंय."

"बघा, माज बघा," फौजदार म्हणाले. ते वयस्क, पोट सुटलेले गृहस्थ होते. घरी जेवण थांबलं होतं आणि त्यांना ही भानगड नको होती. "चोर मालासकट मिळाला. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"माल पाहिजे. बघायला."

कपाटातून भेंडोळं निघालं. बोटभरही जाड नाही अशी तांब्याची तार, ऊनपावसाने काळपट हिरवी झालेली. कारखानिसांनी खिशातलं भिंग काढून आधी दोन्ही टोकं पाहिली. प्रत्येक टोक दोन्ही बाजूंनी दाबून घराच्या आढ्यासारखं झालं होतं. तांबं कुठेही वितळलेलं नव्हतं. मग त्यांनी तार बोटांतून सरकवत नेली. एका जागी बोट अडलं. हिरव्या पुटाखालचं तांबं तिथे खरवडून निघालं होतं आणि नव्या पैशासारखं लाल चमकत होतं. तारेवर आडवा पडलेला वण, नखाएवढा.

कोयत्याची धार त्यांनी उजेडात धरली. तिच्यावर गवताचा वाळका रस होता, जळल्याचा डाग कुठे नव्हता.

"काय दिसलं?" फौजदारांनी विचारलं.

"तांबं," कारखानीस म्हणाले. "हे कपाट बंद करा आणि किल्ली माझ्यासमोर खिशात घाला. मी येईपर्यंत मानसिंगरावांनी मागितली तरी द्यायची नाही."

फौजदारांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

३

कंपनीचा लाइनमन चिमाजी त्यांना खांब दाखवायला आला. वाळका, काटक माणूस. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, आणि शिडीला गुंडाळलेली लोखंडी साखळी, एका टोकाला पितळी आकडा.

"ही कशाला?"

"चढायच्या आधी तारांवर टाकायची. एक टोक जमिनीत रोवलेल्या पहारेला. मागनं कुणी चुकून वीज सोडली तर ती साखळीनं जमिनीत जाते, आपण वाचतो." चिमाजीने साखळीवर हात ठेवला. "माझ्याबरोबर लागलेले दोघं मेले. मी हिच्यामुळं जिता आहे."

टेकडीखाली वळणावर खांब उभा होता. तारेच्या ओढीने खांब कलू नये म्हणून माथ्यापासून जमिनीपर्यंत तिरकी लोखंडी तार ओढलेली होती. तिला ताण म्हणतात. ताणाच्या मध्यावर चिनी मातीचं अंडं असतं. वरची वीज चुकून ताणात उतरली तर ती त्या अंड्यापाशी अडते, माणसाच्या हाताच्या उंचीवर येत नाही.

या ताणाला अंडं होतं. पांढरंशुभ्र.

"कधी बसवलं?"

"वैशाखात."

"त्यानंतर या खांबावर चढलास?"

"नाही साहेब. पावसाळ्यानंतर मी इकडं फिरकलोच नव्हतो. चोरी झाली त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तार जोडायला आलो, तेवढंच."

कारखानिसांनी अंड्यावरून बोट फिरवलं. वाटेतल्या खांबांवरची अंडी त्यांनी येताना पाहिली होती. त्यांच्यावर पावसाचे ओघळ होते, शेवाळाची रेघ होती. हे अंडं ताटात वाढावं इतकं स्वच्छ होतं.

ताणाच्या पिळातला एक सुटा धागा बोटात घुसला आणि रक्त आलं. त्यांनी पिशवीतून आयोडिनची बाटली काढून बोटावर ओतली. चार थेंब ताणावर ओघळले. छातीच्या उंचीवर तिथे तपकिरी, पापुद्र्यासारखं काहीतरी वाळून चिकटलं होतं. आयोडिन लागताच ते निळंकाळं झालं.

कारखानीस त्या डागावर वाकले. आयोडिनने असं निळं होणाऱ्या वस्तू थोड्या, आणि त्यातली एकही खांबावर उगवत नाही.

तेवढ्यात टेकडीवरून दोन कुत्री भुंकत आली. मागोमाग एक बाई. तिने कुत्र्यांना आवरलं नाही.

"ही भागूबाई, म्हादूची बायको," चिमाजी पुटपुटला आणि चार पावलं मागे सरकला.

"आनखी एक टोपीवाला!" ती कडाडली. "एक आला त्यानं नवऱ्याला चोर केला, दुसरा आला त्यानं दिराला नेला. तुमी काय न्यायला आलाय? मेंढरं?"

"मला एवढंच सांगा, त्या दिवशी म्हादू इथे कशासाठी आला होता?"

"चोरी कराया. तुमच्या कागदात हाय न्हवं?"

"कागद मी लिहिलेला नाही."

"मग जावा आन लिवा."

भर दुपार होती, ऊन तापलं होतं, तरी तिच्या अंगावर नवी, खळीने ताठलेली काळी घोंगडी होती. घोंगडीचं एक टोक तिने उजव्या मुठीत आवळून धरलं होतं. कुत्र्याला दगड मारायलाही तिने डावाच हात वापरला. दगड कुत्र्याला न लागता कारखानिसांच्या गुडघ्याला लागला. तिने नेम चुकला असं दाखवलंही नाही.

"सावळाला उद्या पुण्याला नेताहेत," ते म्हणाले. "एकदा तो तिकडे गेला की माझ्या हातात काही राहणार नाही."

मूठ आणखी घट्ट झाली. ती वळली आणि चढावर चालू लागली.

४

कामथडीची पिठाची गिरणी त्याच तारेच्या शेवटच्या टोकाला होती. दारात बायका डबे घेऊन बसल्या होत्या. फुलाबाई नावाची म्हातारी सगळ्यात पुढे होती.

"म्हादू धनगर मेला त्या दिवशी गिरणी कधी बंद पडली?" कारखानिसांनी विचारलं.

"तुमी वीजवाले का?"

"तसं समजा."

"मग आदी माजं पीठ द्या!" फुलाबाई उसळली. "अर्दी जुंधळ्याची आन अर्दी कण्यांची भाकर खाल्ली दोन दिस. सुनबाई म्हनली, आत्याबाई, ह्ये पीठ न्हवं, खडी हाय. लाज न्हाई वाटत वीज इकता?"

बायका हसल्या. कारखानीस हसले नाहीत.

"म्हणजे दळण चालू असतानाच बंद पडली. सकाळी?"

"सकाळी कुठली? सकाळी ह्या समद्यांची दळणं झाली की. माजा नंबर आला तवा गुरं पान्यावर आली व्हती. ऊन पार डोक्यावर. जातं घर्र करून थांबलं ते थांबलंच."

"त्याआधी जरासुद्धा थांबली नाही? पहाटे, उजाडताना?"

गिरणीवाल्याने आतूनच मान हलवली. "सूर्य उगवायच्या आधी चालू केली. एकदाबी अडखळली न्हाई."

कारखानीस तडक भोरच्या रस्त्याला लागले. झुंजुमुंजू होताना तुटलेल्या तारेच्या पलीकडे ही गिरणी गुरं पाण्यावर येईपर्यंत दळत होती.

वाटेत कंपनीचा एक माणूस सायकलवरून त्यांना मागे टाकून भोरकडे गेला. कचेरीशी पोहोचले तेव्हा दारात मानसिंगराव उभे होते आणि फौजदारांकडे कपाटाची किल्ली मागत होते.

५

"किल्ली असू द्या फौजदारसाहेब. कपाट मीच उघडायला सांगतो," कारखानीस म्हणाले. "चिमाजीला आत बोलवा."

चिमाजी आला आणि भिंतीशी उभा राहिला. त्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी उंबऱ्यात येऊन थांबलं. भागूबाई. टेकडी उतरून ती त्यांच्या मागे आली होती. तिला आत कुणी बोलावलं नाही आणि हाकलायचं धाडसही कुणाला झालं नाही. मधल्या दाराच्या गजांतून सावळा पाहत होता.

"मानसिंगराव, तार कधी तुटली म्हणालात?"

"पहाटे. हजारदा सांगितलं."

"कामथडीची गिरणी त्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत चालली. गिरणीभर बायका सांगतील. तार तुटली असती तर ती कशावर चालली? म्हणजे तार दुपारी तुटली. आणि दुपारी म्हादू केव्हाच मेलेला होता, सावळा तुमच्या गोदामात कोंडलेला होता. भेंडोळं त्याच्या काखेत आलं कुठून?"

फौजदारांनी मानसिंगरावांकडे पाहिलं. "रावसाहेब, भेंडोळं आणि चोर तुम्ही बरोबरच दिले होते."

"बायकांना वेळ काय कळते!" मानसिंगराव हसले. "त्याचे साथीदार असतील. दुपारी त्यांनी तोडली."

"पाहू." कारखानिसांनी भेंडोळं टेबलावर ठेवलं. "वाहती तार कोयत्याने तोडली तर ठिणगी उडते. तांबं वितळून टोकाला मणी धरतो, पातं जळतं. इथे मणी नाही, डाग नाही. तार तोडली तेव्हा तिच्यात वीजच नव्हती. आणि ती कोयत्याने तुटलेली नाही, पकडीने दोन्हीकडून दाबून तोडलेली आहे. धनगरांना वीज केव्हा बंद आहे हे कळायला मार्ग नाही. ज्याने इंजिन थांबवलं त्याला माहीत, आणि ज्याच्यासाठी थांबवलं त्याला."

"हे नुसते तर्क."

"मग हा वण बघा." त्यांनी भिंग फौजदारांच्या हातात दिलं. "सगळी तार हिरवी, एवढीच जागा लाल. तांबं उघडं पडलं की थोड्याच दिवसांत काळवंडतं, तेव्हा हा घाव ताजा आहे. तो आकडेवाल्या साखळीचा आहे. चिमाजी, ती साखळी इथे धर."

चिमाजी हलला नाही. फौजदारांनीच शिडीवरची साखळी आणली. पितळी आकडा वणात नीट बसला.

"चोर साखळी टाकत नाही," कारखानीस म्हणाले. "दुरुस्तीच्या वेळी पडला म्हणावं, तर दुरुस्तीच्या आधीच हा तुकडा तोडून निघाला होता. जुन्या कामाचा म्हणावं, तर चिमाजीनेच मला सांगितलं की पावसाळ्यानंतर तो त्या खांबाकडे फिरकला नव्हता. चिमाजी, इंजिन बंद आहे हे तुला ठाऊक होतं. खोटं काम करायला चढत होतास, घाई होती. तरीही आधी साखळी टाकलीस. जीव वाचवणारी सवय हाताला सोडता येत नाही."

"तोंड उघडलंस तर याद राख," मानसिंगराव हळूच म्हणाले.

चिमाजीने मान वर केली. "आता आणखी काय करणार मालक? ताणाला अंडं पाहिजे म्हणून मी किती वेळा गोदामात आलो? म्हणालात, धनगराच्या माळावर कोण बघतंय. वरचा इन्सुलेटर फुटला, तार ताणाच्या लोखंडी पट्टीला टेकली आणि ताण जिवंत झाला. सकाळी सायकलीवर जाऊन मीच बघून आलो. तरी इंजिन बंद केलं नाहीत. दुपारपर्यंत तो ताण तसाच जिवंत होता आणि माळावर पोरं खेळत होती. मग म्हणालात, अंडं घाल, इन्सुलेटर बदल आणि वर तार तोड, कोयत्याचं मी बघतो. घातलं. तोडली."

"कामावरून काढलेला माणूस वाटेल ते बरळतो," मानसिंगराव फौजदारांना म्हणाले. "आत्ता काढला मी त्याला. आणि साहेब, ताण जिवंत होता याला पुरावा काय? तो धनगर ताणाला हात लावायला कशाला जाईल? झोका घ्यायला?"

हा प्रश्न खरा होता. इन्सुलेटर बदलला होता, अंडं नवं होतं, माती झाली होती. उरला होता एक निळा डाग.

"ताणावर चिंचोक्याची खळ आहे," कारखानीस म्हणाले. "आयोडिनने ती निळी होते. धनगर नव्या घोंगडीला खळ लावतात आणि ओली असताना ताणून वाळवतात, म्हणजे ती ताठ राहते आणि पाऊस आत येत नाही. त्या टेकडीखाली झाड नाही. ताणायला एक टोक खुंटीला बांधलं, तर दुसऱ्या टोकासाठी तिरकी, मजबूत तार आयती समोर. म्हादू चोरी करायला गेला नव्हता. तो बायकोची घोंगडी वाळत घालत होता. ओली लोकर, ओली खळ, ओले हात."

"गोष्ट छान आहे. घोंगडी कुठाय?"

"ती मी मागणार नाही. पण जिथे असेल तिथे तिच्या एका टोकाला, ताणाला गुंडाळलेल्या जागी, जळल्याची खूण असलीच पाहिजे. तिथली लोकर करपून गोळा झालेली असेल. खूण नसेल तर मी चुकलो. मग मानसिंगरावांना हवा तो शेरा लिहून देतो."

कारखानिसांनी उंबऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं.

"काठीनं ढकलला म्या त्येला," गजांमागून सावळा म्हणाला. "तारंला चिकटला व्हता. सुक्या काठीनं ढकलला, घोंगडी भाऊजयीपाशी दिली आन पळत आलो. दुसरं कुनी मरू नये म्हून. फाटकाशी वरडत व्हतो, तार बंद करा. तर मलाच धरला."

भागूबाई आत आली. टेबलाजवळ येऊन तिने उजवी मूठ उघडली.

घोंगडीचं टोक काळ्या काचेसारखं करपलेलं होतं. त्यावर तारेच्या पिळाची नक्षी उमटली होती, एकेक धागा मोजता यावा अशी.

फौजदारांनी हात पुढे केला. "मुद्देमाल म्हणून जमा करावी लागेल बाई."

"हात लावायचा न्हाई!" तिने घोंगडी मागे ओढली. "म्हून तर दावली न्हाई. माती देताना त्येच्यावर घातली न्हाई ती येकाच कारनानं, त्येच्या हातची माज्या अंगावर ऱ्हावी म्हून. तुमच्या कपाटात उंदरांना द्यायला न्हाई ठेवली."

तिने कमरेची मेंढ्यांची कातर काढली. घोंगडी टेबलावर पसरली आणि करपलेलं टोक वीतभर सरळ कापलं. कातरीचा आवाज कोरडा, खरखरीत होता. कापलेला तुकडा तिने फौजदारांना दिला नाही, कारखानिसांच्या पुढ्यात टाकला.

"येवढं न्या. बाकीची माजी."

फौजदारांनी किल्ल्यांचा जुडगा काढून कोठडीचं कुलूप उघडलं. मानसिंगराव दाराकडे निघाले, तेव्हा फौजदारांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाटेत पोट आडवं घातलं. "बसा रावसाहेब. जबाब व्हायचाय."

कारखानिसांनी हुकूम लिहिला. प्रत्येक ताण तपासून होईपर्यंत कंपनीने वीज सोडू नये. शिपाई कागद घेऊन वीजघराकडे धावला आणि थोड्या वेळाने नदीकाठची धडधड थांबली.

सावळा बाहेर आला. भागूबाईने टोक कापलेली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली आणि दोघं पेठेतून चालू लागले. कारखानीस मागोमाग निघाले, मोटारीच्या थांब्याकडे. दिवेलागणीची वेळ होती आणि दिवे लागत नव्हते. दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी होती.

"हाच तो! गावचा उजेड घालवला!" कुणीतरी ओरडलं. पानवाल्याने पुन्हा पिंक टाकली, या खेपेला बुटावर.

भागूबाईने वळून पाहिलं. तिने आभार मानले नाहीत, मान हलवली नाही. एवढंच पाहिलं की कापलेला तुकडा त्यांच्यापाशी आहे की नाही.

कारखानिसांचा डावा हात कोटाच्या खिशात होता. आसपास कुठेच वीज नव्हती, तरी त्यांनी तो बाहेर काढला नाही. खिशात त्यांची मूठ त्या करपलेल्या लोकरीवर मिटलेली होती.